वार्निशचा शेवटचा हात

मेहरूण, जळगाव
८ जानेवारी १९८९

ती. नाना,

नमस्कार. मोठमायला आधी सांगा की मी दोन्ही वेळा जेवतो, आणि मग पुढचं वाचा. नाहीतर ती तुम्हाला वाचू देणार नाही.

सुरतेहून मागचं पत्र टाकलं त्याला आठ महिने झाले. मधे कुठे कुठे होतो ते मलाच नीट सांगता येणार नाही. थोडे दिवस अमळनेरला एका बँडमध्ये झांजा वाजवल्या. मग एका ट्रकवर बसून भुसावळला जायला निघालो आणि वाटेत केळीचा घड पडला म्हणून उतरलो, तो ट्रक पुढे गेला आणि मी जळगावात राहिलो. ते जाऊ द्या. आता चुडामण पेंटरकडे आहे. बैलगाड्या, ट्रॉल्या, केळीच्या ट्रकांच्या पाट्या रंगवतो. चुडामण म्हणतो, गाडीला तीन हात. अस्तर, रंग, आणि शेवटचा वार्निशचा. वार्निश नसलेली गाडी म्हणजे तोंड न धुतलेला नवरदेव.

पण मी हे सांगायला बसलो नव्हतो. सात आठवड्यांपासून मला दुसरं काम लागलंय, आणि तुम्ही हसाल, मी ते अजून सोडलेलं नाही. एक ठेकेदार आला, त्याला बोर्ड रंगवून उभे करणारा माणूस हवा होता. सोमवारी जीप नेते, शनिवारी आणून सोडते. सातपुड्याच्या पायथ्याशी एक माळ आहे. गावाचं नाव लिहायचं नाही असं बजावलंय. तिथे सरकारी माणसं क्षेपणास्त्राचा डोळा तपासतात.

नाना, तुम्हाला आवडेल असं आहे हे. एका टेकडीवर तिपाईवर पेटी. तिच्यातून लेझरचा उजेड निघतो, पण तो कोणाला दिसत नाही. बघायचा प्रयत्नही करायचा नाही, डोळे जातात, म्हणून सगळ्यांना हिरवट चष्मे. समोर मैलभर लांब माझा पांढरा बोर्ड, आठ फूट बाय आठ, वारा लागू नये म्हणून आरामखुर्चीतल्या माणसासारखा जरा मागे रेललेला. दुसऱ्या टेकडीवर क्षेपणास्त्राचं नुसतं डोकं. उडवत नाहीत, शेपूटच नाही त्याला. पेटीचा उजेड बोर्डावर पडतो, बोर्डावरून चहूकडे उधळतो, त्यातला चिमूटभर त्या डोक्याच्या काचेत शिरतो. आत एक गोल चकती आहे, भाकरीचे चार चतकोर केल्यासारखी. चारी चतकोरांवर उजेड सारखा पडला तर नीट समोर बघतंय. एकावर जास्त पडला की डोकं त्या हिशेबाने मान वळवतं आणि पुन्हा चारी सारखे करतं. मी तासभर बघत बसलो होतो. बोर्डावरचा उजेड हळूच सरकवला की ते डोकंही हळूच मान फिरवतं, पाळण्यातलं पोर बघतं तसं.

मी विचारलं, मग उन्हाचं काय, ऊन तर केवढं असतं. तर म्हणे पेटीचा उजेड ठरलेल्या ठेक्यात लुकलुकतो, आणि डोळा फक्त त्याच ठेक्याला ओळख देतो. लग्नात पन्नास बायका हाका मारतात, पण पोरगं आपल्या आईच्याच हाकेला वळतं ना, तसं.

हे सगळं मला सांगितलं मंदा मॅडमनी. ती चकती त्यांची. सहा वर्षं तिच्यामागे आहेत. मोठी शिकलेली बाई, पण इथल्याच असोद्याच्या, वडील कौतिक आबा केळी लावतात. त्या चिडल्या की पुस्तकी बोलणं सोडून घरचं बोलतात, तेव्हा मला फार बरं वाटतं. चोवीस तारखेला मोठे साहेब येणार आहेत. त्यांना डोळा पटला तर पुढे जाईल. नाही पटला तर मॅडमचं काम दुसऱ्याकडे जाईल आणि त्यांना कुठल्याशा टेबलावर फायली बघायला बसवतील. त्या जेवताना सुद्धा चोवीस तारीख मोजतात.

बोर्ड चांगला दिसायला हवा. मी काहीतरी करणार आहे.

तुमचा
निंबा

---

देवपूर, धुळे
१५ जानेवारी १९८९

चि. निंबास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मोठमाय निवडायला बसली होती. 'जेवतो' एवढं ऐकलं आणि सूप खाली ठेवून म्हणाली, "सात आठवडा एकच जागावर? मन्हाच निंबा शे ना तो?" मी म्हटलं, अक्षर तरी नातवाचंच वाटतंय. गेल्या श्रावणात कानबाईच्या सणाला, रोटांसाठी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढला, तेव्हा तुझी मूठ काढताना ती जरा थांबली होती. मला वाटलं विसरली. तर म्हणे, "त्याले भूक जास्त लागस, मूठ मोठी लेवानी शे." आणि घेतली मोठी.

तुझा डोळा वाचून मजा आली. मी आयुष्यभर उजेड फेकणाऱ्या पेटीमागे उभा राहिलो. आधी भिकनशेठच्या फिरत्या टॉकीजबरोबर साक्रीकडच्या सगळ्या यात्रा, मग धुळ्यात थिएटरात बावीस वर्षं. पण पडदा काय बघत असेल असं कधी मनात आलं नाही. तुझ्या मॅडमना सांग, एका म्हाताऱ्या ऑपरेटरने नमस्कार सांगितलाय.

मी दिवाळीपासून थिएटर सोडलं. कंटाळा आला. आता सकाळी ओसरीत बसतो, रेडिओ ऐकतो, बरं चाललंय.

अक्षर जरा मोठं काढत जा रे. मुंग्या पळतायत कागदावर. आणि एवढं काम टिकव. टिकवलंस तर तुझ्या मोठमायचे सगळे नवस फिटतील आणि माझी गावोगाव हिंडायची कटकट वाचेल.

तुझा
नाना

---

मेहरूण
२९ जानेवारी १९८९

ती. नाना,

वाईट झालं.

आधी चांगलं सांगतो. चोवीसच्या आधीच्या रविवारी मी जळगावला आलोच नाही, माळावरच थांबलो. चुडामणकडून उरलेला वार्निशचा डबा नेला होता. ठरलेला मळकट पांढरा रंग शनिवारी दिला होता, साहेबलोकांनी तो तपासून सहीसुद्धा केली होती, पण तो बोर्ड कसा दिसायचा म्हणून सांगू, पाटीला पिठाचा हात लागल्यासारखा. मी एकट्याने वर चढून त्याला शेवटचा हात दिला. कोणाला सांगितलं नाही, म्हटलं आपसूक दिसेल. नाना, पोळ्याला बैलाची शिंगं चमकतात तसा चमकायला लागला. त्यात मला माझं तोंड दिसत होतं. तिथे एक मुंगूस राहतं, ते येऊन स्वतःलाच बघून पळालं. खोटं नाही सांगत. त्याच्या मागे मी अर्धा तास गेलो, बीळ सापडलं नाही.

मंगळवारी मोठे साहेब आले. पेटी लावली. डोकं हललंच नाही. मग हललं, ते बोर्डाकडे बघायचं सोडून बाजूच्या बाभळीकडे बघायला लागलं, जिथे उजेडाची कडा सांडली असेल तिथे. पुन्हा लावलं. पुन्हा बाभूळ. तिसऱ्यांदा तर मान खाली टाकून गप्प. साहेब सगळ्यांच्या देखत म्हणाले, "मॅडम, तुमचा डोळा आंधळा आहे."

मंदा मॅडम त्या दिवसापासून तंबूत डोकं उघडून बसल्यात, एकेक तार तपासतात. जेवणाचा डबा तसाच परत जातो. सहा फेब्रुवारीला एकदाच पुन्हा बघू म्हणालेत साहेब. शनिवारपर्यंत व्यवस्थित बघणारं डोकं मंगळवारी आंधळं कसं झालं, हेच त्यांना समजत नाही. मी चहा नेला तर म्हणाल्या, "निंबा, तुझा बोर्ड तेवढा चांगला होता रे."

मला फार वाईट वाटलं. एवढा छान बोर्ड आणि हे असं.

निंबा

---

देवपूर, धुळे
२ फेब्रुवारी १९८९

चि. निंबा,

हे पत्र मिळताक्षणी मॅडमकडे जा. मग वाच.

तुझं पत्र शेजारच्या बेबाबाईंकडून दोनदा वाचून घेतलं, माझा चष्मा दुरुस्तीला टाकलाय. वार्निशवर त्या आल्या आणि मी त्यांना थांबवलं. पुन्हा वाचा म्हटलं. त्यांनी वाचलं.

अरे, ते पोळ्याच्या बैलाला शोभतं. पडद्याला नाही चालत.

साक्रीच्या यात्रेत एका वर्षी भिकनशेठला हौस आली. पडदा मळका दिसतो म्हणून त्याने त्यावर चकचकीत तेलरंग फिरवला. खेळ सुरू झाला. मधल्या चार माणसांच्या डोळ्यांत झोत, ती हात आडवे धरून बसली. बाजूची सगळी जत्रा ओरडतेय, "दिवा लावा! अंधार शे!" मशीन तेच, उजेड तोच. मी तेव्हा शिकलो. खडबडीत पांढरं असेल तर ते आलेला उजेड मूठमूठ सगळ्यांना वाटतं. चकचकीत असेल तर सगळाच्या सगळा एकाच बाजूला भिरकावतं, आरसा भिरकावतो तसा.

तुझा बोर्ड आरसा झालाय, निंबा. तो मागे रेललेला आहे म्हणालास. म्हणजे पेटीचा उजेड सगळा आभाळात चाललाय. त्या डोक्यापर्यंत चिमूटही पोहोचत नाही. बाभळीचा पाला खडबडीत, तेवढाच त्याला दिसतो. डोळा आंधळा नाही. उलट शहाणा आहे, जे होतं ते त्याने पाहिलं.

मॅडमना आजच सांग. सहा तारखेच्या आत.

नाना

---

मेहरूण
१२ फेब्रुवारी १९८९

ती. नाना,

तुमचं पत्र चाचणीच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी मिळालं. मी सांगितलं नाही.

सांगणारच होतो. सोमवारी, सहा तारखेला, जीपमध्ये बसलो तेव्हा तोंडात वाक्य तयार होतं. पण शेजारी ठेकेदार बसला होता. तो म्हणाला, "सरकारी मालाला कोणी हात लावला ना, तर मी त्याला आधी पोलिसात देतो, मग ओळखतो." ते दुसऱ्याच कोणाबद्दल होतं, डिझेलबद्दल, पण माझं वाक्य गेलं.

मग मी काय केलं, उतरलो तो सरळ बोर्डाकडे गेलो. पॉलिश पेपर घेऊन दोन तास घासला. सगळं वार्निश काढलं. बोटं सोलली. वरून मळकट पांढऱ्याचा पातळ हात दिला. म्हटलं, आता डोळा बघेल, मॅडम खूश होतील, झालं गेलं मिटलं.

आणि नाना, डोळ्याने पाहिलं. पहिल्या झटक्यात. उजेड डावीकडे नेला तर डावीकडे, वर नेला तर वर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मोठ्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "परवा आंधळा, आज डोळस. तुम्ही मधे काय बदललंत?" मॅडम म्हणाल्या, "काहीच नाही. सगळं तपासलं, कुठे दोष सापडला नाही." साहेब म्हणाले, "मग हा लहरी आहे. आंधळा परवडला. आंधळ्यावर कोणी विसंबत नाही." आणि तसं लिहिलंही. डोळा बाजूला ठेवावा. महिनाअखेर मॅडमनी सामान बांधायचं आहे.

म्हणजे मी घासला नसता तर बरं झालं असतं. आंधळा म्हणाले असते तर त्यांना दोष तरी शोधता आला असता. आता नसलेला दोष कुठे शोधणार?

मॅडम माझ्याशी नेहमीसारख्या बोलतात, तेच मला सहन होत नाही. माझी पिशवी भरून ठेवली आहे. मंगळवारी सुरतेची गाडी आहे. तिथल्या साडीवाल्याकडे कधीही या म्हणाला होता. पोहोचलो की पत्ता कळवीन.

मोठमायला सांगा, जेवतो.

निंबा

---

देवपूर
१४ फेब्रुवारी १९८९

चि. निंबा,

हे मी आजच्या दुपारच्या एसटीच्या कंडक्टरच्या हातात देतोय, चुडामणच्या दुकानात पोहोचतं करायला. तू निघाला नसशील या भरवशावर. तुझं पत्र काल आलं आणि तुझा मंगळवार आजचाच की पुढचा, ते तू लिहिलेलं नाहीस. तू कसला लिहितोस.

मी रागावलेलो नाही. एक गोष्ट सांगतो, ती मोठमायलाही माहीत नाही.

एकसष्ट साली भिकनशेठचं जुनं मशीन माझ्या हाताखाली होतं. बैलगाडीतून गावोगाव नेलेलं, एकदा पांझरेच्या पाण्यातून डोक्यावर नेलेलं. मी एकदा त्याचं भिंग पुसायला काढलं आणि परत बसवताना उलटं बसवलं. चित्र मधे बरं, कडेला सगळं विरघळलेलं. लोक ओरडले. शेठ म्हणाला, मशीन थकलं. दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. तो आला त्याच्या तासभर आधी माझ्या ध्यानात आलं होतं. मी भिंतीला टेकून उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. नव्यानेच लागलेलं काम होतं, बोललो नाही. भंगारवाल्याने माझ्यासमोर घणाने मशीनचे तुकडे केले, कारण पुरं पोत्यात बसत नव्हतं.

मशीनला तोंड नव्हतं. तुझ्या मॅडमना आहे, पण त्यांना सांगण्यासारखं काही ठाऊक नाही. ठाऊक तुला एकट्याला आहे. तू सुरतेला गेलास की ते सुरतेला जाईल, आणि इकडे तो चांगला डोळा पोत्यात जाईल.

तरीही जायचं असेल तर जा. श्रावणात तुझ्या नावाची मूठ निघेलच, तिला तू कुठे आहेस याच्याशी काही घेणं नाही. मी अठ्ठावीस वर्षं तेवढं एक मशीन बरोबर घेऊन फिरतोय, ते तुझ्या पिशवीत नको, एवढंच.

ओळी वर-खाली झाल्या असतील. कागद गुळगुळीत आहे, पेन घसरतं.

नाना

---

मेहरूण
२६ फेब्रुवारी १९८९

ती. नाना,

कंडक्टर पिशवी हातात घेतलेल्या माणसाला पत्र द्यायला आला, तो माणूस मी. चुडामण म्हणाला, वाच आणि मग जा, गाडीला वेळ आहे. वाचलं. गाडी गेली.

बुधवारी माळावर गेलो. मॅडम खोक्यात पेंढा भरत होत्या. मी वार्निशचा रिकामा डबा त्यांच्यासमोर ठेवला आणि सगळं एका दमात सांगितलं. मुंगूससुद्धा सांगितलं, ते कशाला सांगितलं माहीत नाही. त्या ऐकत राहिल्या. मग असोद्याचं बोलणं सुरू झालं. "अरे बाप्पा! मले सांगतलं कामून नाही रे? इतके दिवस मी त्या तारा चाचपून राहिली, आन् तू चहा आणून देत होता मले?" मी म्हटलं, हो. त्यांनी पेंढ्याची मूठ माझ्या अंगावर फेकली. मग खाली बसल्या आणि हसायला लागल्या, आणि हसता हसता रडल्या, आणि एकदम उठून म्हणाल्या, "डबा अजून आहे का? भरलेला?"

मला कळेना. म्हणाल्या, "तू म्हणतोस म्हणून साहेब ऐकतील का? त्यांना डोळ्यांनी दाखवावं लागेल."

चुडामणकडून नवा डबा आणला. मॅडमनी मला बोर्डाच्या मधोमध दोरी मारायला लावली. डावा अर्धा मळकट ठेवला, उजव्या अर्ध्याला मी वार्निशचा हात दिला. नाना, एवढं भीत भीत मी आजवर काही रंगवलेलं नाही. शुक्रवारी मोठे साहेब आले, कपाळाला आठ्या. पेटीचा उजेड डाव्या अर्ध्यावर. डोक्याने बघितलं. उजेड हळूहळू उजवीकडे. दोरीची रेघ ओलांडली आणि डोकं चुकल्यासारखं थांबलं. परत डावीकडे, परत बघितलं. साहेबांनी स्वतः जाऊन पेटीचा दांडा धरला. वीसदा तरी रेघ ओलांडली असेल. मग चष्मा काढून मॅडमना म्हणाले, "हा लहरी नाही. हा प्रामाणिक आहे. लहरी कोण आहे?"

मी हात वर केला.

डोळा पुढे जाणार. जुना शेरा खोडून नवा लिहिला. त्यात असंही घातलंय की चाचणीआधी बोर्डाची चमक मोजावी. साहेब म्हणाले, ही गोष्ट आमच्या पुस्तकात आहे, पण बोर्ड तपासून सही झाली म्हणून पुन्हा कोणी तिकडे पाहिलं नाही. पुन्हा बघायला हवं हे धुळ्याच्या एका माणसाला कसं सुचलं? मी म्हटलं, त्यांनी साक्रीच्या यात्रेत मार खाल्लाय.

ठेकेदाराने मला काढलं. पोलिसात नाही दिलं, साहेबांनी नको म्हटलं. मॅडम म्हणाल्या, "तुझं काम मला वाचवता नाही आलं रे." काल त्यांनी असोद्याहून कौतिक आबांची केळी पाठवली. एवढा मोठा घड. चुडामणने अर्धा दुकानात टांगलाय.

आता खरी गोष्ट. साहेबांना पटावं म्हणून मी तुमची पत्रं दाखवली होती. मॅडमनी ती हातात धरली आणि वाचायचं सोडून नुसती बघत बसल्या. शेवटच्या पत्रात ओळीवर ओळ चढली आहे. एका ठिकाणी तुम्ही कागद संपल्यावरही लिहीत गेलात, अर्धा शब्द टेबलावर राहिला असेल. त्या म्हणाल्या, "निंबा, नानांना दिसत नाही."

मी म्हटलं, कागद गुळगुळीत आहे. त्या म्हणाल्या, "बोट फिरवून बघ." बघितलं. खडबडीत आहे, नाना. पोस्टाचा साधा कागद आहे.

चष्मा दुरुस्तीला टाकून महिना झाला. थिएटरचा कंटाळा तुम्हाला येईल? तुम्हाला? आणि मी एवढं शिकलो की मैलावरचा बोर्ड का दिसत नाही ते सांगू शकतो, पण तुम्ही 'अक्षर मोठं काढ' म्हणालात तेव्हा मला वाटलं, तुम्ही नेहमीसारखं ओरडताय.

खरं सांगा.

निंबा

---

देवपूर
४ मार्च १९८९

चि. निंबा,

तुझं पत्र बेबाबाईंनी मोठमायच्या समोर वाचलं, त्यामुळे मशीन, चष्मा, थिएटर, सगळं एकदम बाहेर पडलं. मोठमाय दोन दिवस बोलत नाही. फक्त ताट समोर ठेवून सांगते, कुठे भाजी, कुठे भाकर.

मोतीबिंदू आहे. दोन्ही. दिवाळीच्या खेळाला मध्यंतरापर्यंत चित्र पुसट होतं आणि मला ते कळतच नव्हतं. पब्लिक ओरडलं. मला वाटलं पडदा मळला. घरी आल्यावर मोठमायचं तोंडही मळलेलं दिसलं, तेव्हा समजलो. डॉक्टर म्हणतात, साधं काम आहे. पण डोळ्याला चाकू लावायचा म्हटलं की मी तारीख पुढे ढकलतो. तुला वाक्य बोल म्हणून लिहिणारा हा माणूस.

तू शुक्रवारी हात वर केलास ते बेबाबाईंकडून चारदा वाचून घेतलं. मला ते स्वतः वाचायचं होतं.

नाना

---

मेहरूण
१० मार्च १९८९

ती. नाना,

हे ब्रशने लिहितोय.

एका तावावर दहा ओळी.

बेबाबाईंना बोलावू नका.

ताव ओसरीत उन्हात धरा.

मंगळवारी येतो. पुढचा मंगळवार. चौदा तारीख.

बुधवारी दवाखाना. मी हात धरून बसतो.

मॅडमनी डॉक्टरांना चिठ्ठी दिली आहे.

मोठमायला सांगा, मूठ मोठी घे. यंदा खायला मी घरी.

कागद खडबडीत आहे. तपासून घेतला.

वार्निश मारलेलं नाही.

निंबा